खुनी शोधत न्यूयॉर्क

न्यूयॉर्कला जायचं म्हटलं की जो तो एक यादी हातात ठेवतो. टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट, लिबर्टीचा पुतळा... जर्सी सिटीत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मात्र एक जाडजूड कादंबरी हातात ठेवली. केलेब कारची ‘द एलियनिस्ट’. “आधी हे वाच, मग फीर. आणि रात्री एकटी असताना वाचू नकोस.”

अर्थात, रात्रीच वाचली!

1994 साली आलेली ही कादंबरी घडते 1896च्या न्यूयॉर्कमध्ये. कुंटणखान्यांत ढकललेल्या कोवळ्या मुलांचे एकामागून एक खून पडतायत, तेही अंगावर काटा येईल अशा पद्धतीने. तपास करतो डॉ. क्राइझलर. मनोरुग्ण स्वतःपासूनच परका झालेला असतो, अशी तेव्हाची समजूत. म्हणून त्याचा डॉक्टर ‘एलियनिस्ट’. गोष्ट सांगतो त्याचा पत्रकार मित्र (इथेच मी खूश!). आणि यांना गुपचूप पाठबळ देतो चक्क थिओडोर रूझवेल्ट. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ 1895 ते 1897 या काळात खरोखरच तिथल्या पोलिस आयुक्त मंडळाचा प्रमुख होता. बोटांचे ठसे हे या टीमचं नवंकोरं हत्यार. आपल्या कलकत्त्यात ठशांचा ब्युरो उघडला, तो पुढच्याच वर्षी, 1897मध्ये.

पुस्तकात पहिला मृतदेह सापडतो विल्यम्सबर्ग ब्रिजच्या अर्धवट बांधकामावर. हा पूल 1903मध्ये खुला झाला. डेलान्सी स्ट्रीटवरून चालत वर गेले. बाजूने सायकलवाले सुसाट, मधून धडधडत जाणारी सबवे, खाली ईस्ट रिव्हर. एकदम फोटोजेनिक! पण डोक्यात तो तेरा वर्षांचा, इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. त्याचा खुनी सापडावा असं पोलिसांना वाटतच नाही. गरिबाचं पोर, त्यातून ‘तसल्या’ धंद्यातलं... कोण विचारतो?

पूल उतरून ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या टेनेमेंट म्युझियममध्ये गेले. 97 नंबरची ही इमारत 1863ची. गाइडसोबत अंधाऱ्या जिन्याने वर जायचं आणि एकेका बिऱ्हाडाच्या खोल्या बघायच्या. गिरगावातल्या चाळी पाहिलेल्या असूनही जीव गुदमरला. पुस्तकातल्या रक्तापेक्षा मला इथे जास्त भीती वाटली. अशा घरातून एखादं पोर निघून गेलं तर त्याला शोधायला आईबापांना कामावरून सुट्टी तरी मिळाली असती का?

ब्रॉडवेवर ग्रेस चर्चच्या शेजारी 808 नंबरची इमारत आहे. क्राइझलर मंडळींचा अड्डा इथलाच. ती अजून दिमाखात उभी आहे. गरिबांचा बदनाम मलबेरी बेंड मात्र पाडून टाकला. तिथे 1897मध्ये पार्क झालं, आजचं कोलंबस पार्क. चायनाटाउनमधले आजोबा तिथे बुद्धिबळासारखा पट मांडून बसतात. (2018मध्ये या कादंबरीवर टीव्ही मालिका आली, तिचं शूटिंग झालं बुडापेस्टमध्ये!)

सगळ्यात भन्नाट जागा 42व्या स्ट्रीटवर. पब्लिक लायब्ररीच्या सिंहांसोबत फोटो सगळेच काढतात. पण 1896मध्ये इथे क्रोटन रिझर्व्हायर होतं. शहराला पाणी पुरवणारा प्रचंड तलाव, भोवती इजिप्शियन थाटाच्या उंच भिंती आणि भिंतींवर फिरायला रस्ता. कादंबरीतला सगळ्यात थरारक प्रसंग या भिंतींवर घडतो. काय ते सांगत नाही! तलाव पाडून त्या जागी 1911मध्ये लायब्ररी उघडली, पण आतल्या साउथ कोर्टमध्ये जुन्या पायाचे दगड आजही दिसतात. लायब्ररीत शिरायला पैसे पडत नाहीत. मी तिथे बराच वेळ रेंगाळले.

1997मध्ये ‘द एंजल ऑफ डार्कनेस’ हा पुढचा भाग आला. सध्या तोच उशाशी आहे. यावेळी गोष्ट पत्रकार सांगत नाही. सांगतो स्टीव्ही, क्राइझलरने आसरा दिलेला रस्त्यावरचा पोरगा.