स्लोवर बंद पडते

“पिकअपला एक नंबर आहे मिस्त्री, फक्त स्लोवर बंद पडते.” जुनी स्प्लेंडर घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुधा हेच सांगतं. तोवर कुणीतरी स्लोचा स्क्रू पिळून ठेवलेला असतो. आवाज वाढतो, सिग्नलला गाडी टिकते, पण दुखणं आत तसंच राहतं.

मी आधी त्याला बोलू देतो. थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? पाऊस झाल्यापासून? चार-पाच किलोमीटर गेल्यावर बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा चालू होते? तसं असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. कार्ब्युरेटर खोलायचं कारणच नाही.

स्लोवर इंजिन सगळ्यात दुबळं असतं, म्हणून कुठलंही दुखणं पहिलं तिथे दिसतं. या गाडीचा स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांचा. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा वेळा. थ्रॉटल जवळजवळ बंद, पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून. अशात कार्ब्युरेटर आणि हेडच्या जोडावरची ओ-रिंग कडक होऊन जराशी हवा ओढली, तरी मिश्रण पातळ होतं आणि इंजिन वर-खाली करायला लागतं. थ्रॉटल उघडला की एवढी हवा आत जाते, की त्या चोरट्या हवेचा हिशेबच लागत नाही. पिकअप चांगला आणि स्लो खराब, तो यामुळे. चालू गाडीच्या जोडावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारायचा. आवाज बदलला की हवा कुठून जाते ते कळतं.

उभी राहिलेली गाडी निराळी. मुलगा नोकरीला गेला, गाडी पावसाळाभर पडवीत राहिली, की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडतं आणि मागे चिकट राळ उरते. पायलट जेट काढून उजेडासमोर धरावं. भोक केसाएवढं, पलीकडचा उजेड टिंबासारखा गोल दिसला पाहिजे. अर्धवट दिसला तर क्लीनर आणि हवेनं साफ करावं. पितळेत पोलादी तार घालणाऱ्या पोरांवर मी खरंच चिडतो. भोक एकदा मोठं झालं की ते जेट गेलं. एअर स्क्रू काढण्याआधीही तो किती फेरे उघडा होता ते मोजून ठेवावं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते टॅपेटबद्दल. लोकांना टॅपेटचा आवाज नको असतो. “टकटक करतंय, जरा टाइट करा.” आणि कुणीतरी करूनही देतं. व्हॉल्व्ह वापरात हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट आपोआपच कमी होत असते. वरून ती अजून आवळली, की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. कॉम्प्रेशन निसटतं. सकाळी एका किकला चालू होणारी गाडी बाजारातून येताना प्रत्येक वळणावर विझते, आणि बिचाऱ्या कार्ब्युरेटरची तिसऱ्यांदा साफसफाई होते. हलकी टकटक असलेलं इंजिन मला गप्प इंजिनापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

फट ०.०५ मिलिमीटरची. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवायची, दोन्ही रॉकर हाताला सैल लागतात ना ते बघायचं, मग फिलर गेजची पाती सरकवायची. पाती अडायला नको आणि सुळकन निघायलाही नको. बोटांना तेलकट ओढ लागली पाहिजे. नट आवळताना स्क्रू हटकून थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालायची. हे दुसरं मोजणं चुकवलं तर पहिलं फुकट.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं, नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. माझ्याकडची पोरं आधी स्कॅनर लावतात, लावावाच. पण टॅपेट टाइट आहे असं तो सांगत नाही. झाकण उघडावंच लागतं, तेही इंजिन पुरतं थंड असताना. म्हणून दूधवाल्या अण्णांनाही मी सांगतो, “आज डेअरीला दुसऱ्याची गाडी न्या. ही रात्रभर इथेच राहू दे, सकाळी उघडतो.”