पुतळ्यामागचे नाव

वर्ष सरत आले म्हणजे वृत्तपत्रांत आणि मासिकांत दिवंगतांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. नाव, देश, व्यवसाय, जन्माचे आणि मृत्यूचे साल. एवढ्यात एकेका थोर आयुष्याचा हिशेब आटोपतो. असा मजकूर मराठीत आणण्याचे काम माझ्यासारख्या भाषांतरकाराच्या वाट्याला नेमाने येते. सवयीमुळे हात भरभर चालतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु २०२५ सालातील दिवंगतांची नावे उतरविताना लेखणी पुन्हा पुन्हा थबकत होती.

त्या वर्षीच्या मे महिन्यातच पाहा. २० तारखेला पुण्यात डॉ. जयंत नारळीकर निवर्तले. २३ तारखेला ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो गेले. खाणीतल्या आणि शेतातल्या अनाम कष्टकऱ्यांचे चेहरे त्यांनी जगापुढे ठेवले होते. २८ तारखेला केनियाचे साहित्यिक न्गुगी वा थिओंगो कालवश झाले. इंग्रजी लेखनाने कीर्ती मिळाल्यावर ते आपल्या गिकुयू मातृभाषेकडे वळले आणि तुरुंगात असताना चक्क शौचकागदावर त्यांनी त्या भाषेत कादंबरी लिहिली. पुढे १ ऑक्टोबरला जेन गुडॉल गेल्या. १९६० साली आफ्रिकेतील गोम्बेच्या अरण्यात त्या चिंपांझींचा अभ्यास करू लागल्या, तेव्हा प्राण्यांना क्रमांक देण्याची विद्वानांची रीत होती. गुडॉल यांनी प्रत्येकाला नाव दिले.

नावाचा विषय निघाला म्हणून नारळीकरांची एक गोष्ट सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव बेतले होते. एव्हाना ते जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ होते; परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, कथा पाहून निर्णय द्यावा हा त्यांचा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव बाजूला ठेवले तरी काम उभे राहते, याची ती जणू परीक्षाच होती.

वाचकहो, ही झाली दूरची माणसे. पण वर्ष संपता संपता त्या यादीत एका शेजाऱ्याचे नाव आले. माझे बिऱ्हाड नोएडात आहे. या शहराचे नावच मुळी १९७६ साली स्थापन झालेल्या एका प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेले. उंच इमारती, कारखाने, कचेऱ्या आणि सदा घाईत असलेली माणसे, असे याचे रूप. येथे आपल्या मराठी मुलखातला एक वृद्ध कलावंत राहत होता आणि मातीला माणसांचे चेहरे देत होता. शिल्पकार राम सुतार. १७ डिसेंबर २०२५ च्या रात्री आपल्या राहत्या घरी त्यांनी देह ठेवला. वयाची शंभर वर्षे त्यांनी पूर्ण केली होती.

१९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. जोशी या गुरूंनी त्यांच्यातील गुण हेरला आणि ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. पुढे पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या प्राचीन शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांनी केले. ज्या कारागिरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, त्यांच्या हातच्या कामाशी त्यांचा असा निकटचा परिचय झाला. १९५९ च्या सुमारास दिल्लीतील सरकारी नोकरी सोडून त्यांनी केवळ शिल्पकलेवर निर्वाह करण्याचे ठरविले. चंबळ नदीवरील गांधीसागर धरणापाशी त्यांनी घडविलेली ४५ फूट उंचीची चंबळमाता आणि तिची दोन लेकरे आहेत. ती लेकरे म्हणजे मध्यप्रदेश आणि राजस्थान.

संसदेच्या आवारातील ध्यानस्थ गांधीजी त्यांचेच. गुजरातेत केवडिया येथे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा, जगातील सर्वांत उंच पुतळा त्यांच्याच कल्पनेतून साकारला. बंगळूरचे केंपेगौडा त्यांचे. मुंबईत इंदू मिलच्या जागेवर उभारावयाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भव्य पुतळ्याचे काम मात्र त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. २०१६ साली त्यांना पद्मभूषण आणि २०२५ साली महाराष्ट्रभूषण जाहीर झाले.

मान मिळाला, तरीही पुतळ्यापुढे उभ्या असलेल्या शंभरांतील किती जण त्यांचे नाव सांगू शकतील? पुतळा कोणाचा हे चबुतऱ्यावर ठळक लिहिलेले असते, अनावरण कोणी केले हेही असते. घडविणाऱ्याची चौकशी आपण बहुधा विपरीत घडल्यावरच करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मालवणजवळ राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला, तेव्हा घरोघर प्रश्न झाला, की तो केला कोणी? त्या जागी नवा पुतळा उभारण्याचे काम सुतार यांच्या शिल्पशाळेकडे आले आणि मे २०२५ मध्ये तो उभा राहिला. आता तो ऊनवारा सोशीत उभा आहे, आणि कोणी काही विचारीत नाही.

भाषांतराच्या धंद्यात मला हे ओळखीचे वाटते. काम नीट वठले, की करणारा दिसेनासा होतो. त्याचा खेद मानू नये. पण ज्यांच्या हातून आपले थोर पुरुष आपल्याला डोळ्यांनी दिसू लागले, त्यांना आपण ओळखलेच नाही, तर तोटा त्यांचा नाही, आपल्या मुलांचा आहे. मोठेपणा जन्मतःच चबुतऱ्यावर असतो, अशी त्यांची समजूत होईल. तो खेड्यातल्या एका मुलाच्या हातांनी, छिन्नी-हातोड्याने, साठ-सत्तर वर्षे रोज थोडा थोडा घडविलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. सुट्टीत मुलांना घेऊन कोठे गेलात आणि वाटेत एखादा पुतळा दिसला, तर क्षणभर थांबा. हा कोणाचा, हे मुलांना विचारा. मग हा कोणी केला, हेही विचारा. उत्तर ठाऊक नसले, तर घरी आल्यावर सर्वांनी मिळून शोधा. दिवंगतांच्या यादीतील एक तरी नाव त्या दिवशी तुमच्या घरी मुक्कामाला येईल.