उफाळणाऱ्याचं नाव

गीझर आपल्याकडे न्हाणीघराच्या भिंतीवर राहतो. थंडी पडली की त्याची आठवण होते, एरवी त्याच्याकडे कोणी बघतही नाही. त्याच्याआधी तिथे बंब होता. तो शब्दही बाहेरचाच, पोर्तुगीजांकडून आलेला. अंघोळीच्या पाण्यासाठी आपण दोनदा बाहेरून शब्द आणले!

भिंतीवरच्या त्या मुकाट डब्याला मूळ अर्थ मात्र मुळीच शोभत नाही. आइसलँडच्या नैऋत्येला हाउकादालुर खोऱ्यात एक उष्ण झरा आहे, गेसीर. तिथल्या भाषेत ‘गेयसा’ म्हणजे उफाळून धावणं, म्हणून हा उफाळणारा. अठराव्या शतकात इंग्रजीने हे एकट्या झऱ्याचं नाव उचललं आणि जगभरच्या उसळत्या झऱ्यांना लावलं. मग १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉनने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र केलं आणि त्यालाही तेच नाव दिलं. त्यातला गॅस बाहेर जायला धुराडंच नव्हतं. तेव्हा नावातली दहशत अगदीच खोटी नसावी.

भाषाशास्त्रज्ञ या ‘गेयसा’ची मुळं ‘ओतणे’ अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात. संस्कृतातला ‘हु’ त्याच घरचा. म्हणजे हवन, होम, आहुती ही सगळी गीझरची लांबची भावंडं. मला ही सोयरीक फार आवडते. एकीकडे अग्नीत तूप ओततात, दुसरीकडे जमिनीखालची आग पाणी वर फेकते.

ते वर कसं येतं, याचं कोडं १८४६ साली आइसलँडला गेलेल्या बुन्सेनने बरंचसं सोडवलं. प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव आहे तोच हा. खोल नळीच्या तळाशी पाणी शंभर अंशांच्या वर तापतं, तरी उकळत नाही, कारण वरच्या पाण्याचं ओझं त्याला दाबून धरतं. वरचं थोडं पाणी सांडलं की ओझं हलकं होतं, आणि खालचं एकदम वाफ होऊन सुटतं. कोकणातल्या उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम झऱ्यांचं, पाणीही कढत असतं, पण ते असं कोंडत नाही, नुसतं वाहतं.

थोरला गेसीर हल्ली क्वचितच उठतो. एके काळी पाहुण्यांसाठी त्यात साबण टाकून त्याला उठवत. आता शेजारचा स्त्रोक्कुर, म्हणजे ताक घुसळायचा डेरा, दर काही मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंच उसळतो. पर्यटक त्याचेच फोटो काढतात आणि घरी जाऊन सांगतात, गेसीर पाहिला.