फळ्यावरचे जुने नाव

आम्ही म्हणजे घरातली दोन म्हातारी माणसे. एकीची हयात इस्पितळात गेली, दुसऱ्याची कारखान्यात. कॉम्प्युटर आमच्या घरी आला तो हौसेने नव्हे, वारशाने. घरातले थोरले, ज्यांना आम्ही दोघेही दादा म्हणत होतो, ते तीन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांचे टेबल, त्यांची खुर्ची आणि त्यांचे हे यंत्र आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसले.

यंत्राची एक खोड होती. खटका दाबला की पडदा निळा होई आणि त्यावर दोन नावे येत. वर विंडोज १०, खाली विंडोज ७. कोणते हवे ते सांगा, अशी विचारणा. आपण काहीच बोललो नाही तर तीस सेकंद वाट पाहून ते आपले आपण वरचे नाव घेई. तीस सेकंद म्हणजे काही फार नव्हे, परंतु रोज सकाळी चहाचा कप हातात धरून त्या निळ्या पडद्याकडे पाहत बसावे लागे. एके दिवशी टेबल पुसताना खालच्या नावावर बोट पडले आणि आम्ही थेट जुन्या घरात शिरलो. तिथे आमची पत्रे नाहीत, नातवंडांचे फोटो नाहीत. सगळे पुसले गेले असे वाटून छातीत धस्स झाले. अर्धा दिवस एकमेकांना दोष देण्यात गेला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तेव्हा सारे जागच्या जागी होते.

ही दोन नावे आली कशी, ते दादांच्या तोंडून आम्ही ऐकलेले होते. विंडोज १० आले २०१५ साली. ते घालायला आलेला मुलगा जुने काढून टाकणार होता, पण दादांनी त्याला हात लावू दिला नाही. मग त्याने डिस्कचा एक भाग मोकळा करून नवे तिथे बसवले आणि जुने होते तिथेच ठेवले. एका घरात दोन बिऱ्हाडे. जुन्या विंडोज ७ ची देखभाल कंपनीने जानेवारी २०२० मध्ये थांबवली, तरी दादा आठवड्यातून एकदा तिकडे जाऊन काहीतरी लिहीत बसत. नव्याची देखभालही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली म्हणून आम्ही बँकेचे काम या यंत्रावर करीत नाही, पण तो विषय वेगळा.

नातू सैन्यातून शुक्रवारी दुपारी सुटीवर आला. निळा पडदा पाहून म्हणाला, "सावता, हे कशाला ठेवलंय? एसेर दकोत, पुसून टाकतो." त्याची दहा मिनिटे म्हणजे आमची पाच वर्षे. तो खुर्चीवर बसलासुद्धा. इतक्यात आमच्यापैकी ज्याचे दादा सख्खे भाऊ, त्याला अलिबागची यादी आठवली.

ही यादी काय, ते सांगायला हवे. दादा १९९८ साली मुंबईला गेले होते, तेव्हा बोटीने अलिबागला जाऊन आपल्या लोकांच्या कबरस्तानात चार दिवस बसले. दगडावरचा मजकूर, मराठी आणि हिब्रू, एका वहीत उतरवून आणला. समुद्राच्या वाऱ्याने अक्षरे झिजत चालली आहेत, पुढच्या खेपेस वाचता येणार नाहीत, असे ते म्हणत. परत आल्यावर त्यांनी सगळे मराठीत टाईप केले. चाळीसएक पाने होती. वही पुढे घर बदलताना हरवली. यादी मात्र आम्ही दादांच्या शिवाच्या आठवड्यातच पेन ड्राईव्हवर उतरवून घेतली होती आणि ड्राईव्ह कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवला होता. म्हणजे चिंता नव्हती.

"मग झालं तर," नातू म्हणाला. "एकदा उघडून तर बघ," आम्ही म्हणालो. डबा उघडला, ड्राईव्ह लावला, यादी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी. एक शब्द कळेना. तीन वर्षे आम्ही दागिन्यांत जपून ठेवले ते हे!

नातू म्हणाला, फाईल खराब झाली. आमच्यापैकी जिने पस्तीस वर्षे वॉर्डात काढली तिला हे पटले नाही. रुग्ण बोलत नाही म्हणजे तो गेला असे होत नाही, त्याची भाषा आपल्याला येत नाही असेही असू शकते. तिने यंत्र बंद करून पुन्हा लावायला सांगितले आणि या खेपेस मुद्दाम खालच्या नावावर बोट ठेवले. जुन्या घरात तीच यादी उघडली. स्वच्छ मराठी. पहिल्याच ओळीत आजोबांचे नाव.

तेव्हा नातवाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने आम्हाला समजावले, अर्धे हिब्रूत, अर्धे मराठीत. दादा मराठी टाईपरायटरवर शिकलेले. त्यांनी जो फाँट घेतला होता तो जुन्या पद्धतीचा. त्यात यंत्र आत साठवते ती इंग्रजी अक्षरेच. फाँट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवतो. मुखवटे असलेल्या घरात मराठी दिसते, नसलेल्या घरात नुसती इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. आजकाल आपण मोबाईलवर जे मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये असते. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते न्यूयॉर्कला उघडा की दिमोनाला, मराठीच राहते. विंडोजमध्ये ही सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली, 'मंगल' नावाच्या फाँटबरोबर. पण दादांचा हात जुन्या कळपाटावर बसला होता. आमचे मुखवटे नव्या घरात आलेच नव्हते, आणि जुने घर दहा मिनिटांत पाडले जाणार होते.

पुढचे काम सोपे निघाले. यादीच्या वरच्या चौकटीत फाँटचे नाव दिसत होते. नातवाने नव्या विंडोजमधून जुन्याच्या भागात जाऊन, तिथल्या विंडोज फोल्डरातल्या फाँट्समधून त्या नावाची फाईल उचलली आणि नव्यात बसवली. यादी पुन्हा उघडली तर मराठी! मग त्याने तिची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधून जातो आणि कुठल्याही यंत्रावर अक्षरे तशीच दिसतात. शेवटची पाने कागदावर छापून होईतो दिवे लावायची वेळ झाली. यंत्र बंद केले. शब्बाथ संपल्यावर बघू म्हणालो, पण शब्बाथ संपल्यावर त्याचे मित्र आले आणि रविवारी पहाटे तो बॅग घेऊन गेला. जाताना कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या आणि एक ताकीद दिली: डिस्कच्या यादीत शंभर एमबीचा एक इवलासा भाग दिसतो, त्याला हात लावायचा नाही. आमच्या यंत्रावर तो जुन्या विंडोजनेच बनवलेला आहे, पण दोघांचा दरवाजा तोच. तो गेला तर नवेही उघडणार नाही.

सोमवारी आम्ही दोघांनी धीर केला. एकाने कागद वाचायचा, दुसरीने कळा दाबायच्या. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर एकदम दाबली, एमएसकॉन्फिग असे लिहिले, उघडलेल्या खिडकीत 'बूट' नावाच्या पानावर गेलो. (पायातले नव्हेत, यंत्र जागे करण्याला बूट म्हणतात.) तिथे दोन ओळी होत्या. विंडोज १० पुढे लिहिले होते की चालू असलेले आणि नेहमीचे हेच. विंडोज ७ पुढे काही नव्हते. त्यावर बोट ठेवले. मग इस्पितळातल्या सवयीने थांबून तीनदा वाचले: कोणते नाव, कोणती ओळ, कोणते बटण. औषध चुकीच्या खाटेला गेले तर परत घेता येत नाही. डिलीट दाबले. ओळ गेली. अप्लाय, ओके, आणि यंत्राने विचारले तसे पुन्हा सुरू केले.

निळा पडदा आलाच नाही. एकच नाव उरले म्हणजे विचारायचे कारण उरत नाही.

इतके झाले तरी जुने घर पाडले गेले असे समजू नका. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. वॉर्डाच्या फळ्यावरून नाव पुसले म्हणून रुग्ण खाटेवरून उठून जात नाही. विंडोज ७ च्या फायली डिस्कवर होत्या तशाच आहेत, फक्त दारावरची पाटी काढली आहे. जागा मोकळी करायची तर तो भाग वेगळा पुसावा लागतो. ते काम पुढच्या सुटीत करू असे नातू म्हणतो. आमच्यापैकी एकाला घाई नाही, आणि दुसरीही त्याला घाई करीत नाही.

यादी आम्ही आता रोज रात्री थोडी थोडी वाचतो. कुठे नुसते नाव आणि साल, कुठे गावही. एका दगडापुढे दादांनी लिहिले आहे: अक्षरे गेली आहेत, आईने सांगितले त्यावरून. आईने काय सांगितले होते ते आम्हा दोघांनाही आठवत नाही, पण तिथे ते लिहिलेले आहे, सासरच्या आडनावासकट.

ज्या वाचकांची माणसे अलिबागला आहेत त्यांनी भेट झाली की विचारावे. दोन प्रती जास्त छापून ठेवल्या आहेत.