दाराच्या आतली गोष्ट

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे नाव निघाले, की एक कथा हमखास सांगितली जाते. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत पहिली आलेली कमला भागवत १९३३ साली तेथे प्रवेश मागते. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन मुलगी म्हणून तिला नाकारतात. ती हटत नाही. अखेर वर्षभराच्या परीक्षेची अट घालून तिला आत घेतले जाते आणि तिच्यामागून इतर मुलींनाही वाट मिळते.

कथा खरी आहे आणि सांगायलाच हवी. मीही ती अनेकदा सांगितली आहे. ऐकणारे रामन यांच्याविषयी विचारतात, त्या काळाविषयी विचारतात. आत गेल्यावर कमलाबाईंनी काय केले, हे क्वचितच कोणी विचारते. आपली कथा दारापाशीच संपते.

दाराच्या आत दूध होते, कडधान्ये होती. त्यांतील प्रथिनांचा अभ्यास होता. केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून आलेल्या कमलाबाई पुढे सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जे संशोधन केले, त्यात वालासारख्या शेंगांतले एक विलक्षण द्रव्यही होते. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या वालातले हे द्रव्य त्या विकरालाच जखडून टाकते. पान वाढलेले आहे, पण जेवणाराचे हात बांधलेले! वाल शिजले, की उष्णतेने त्या द्रव्याची घडण बरीचशी मोडते आणि विकर आपल्या कामाला लागते.

येथेही अडवणूक आहे, सुटका आहे. कथेला आणखी काय हवे? शिवाय या कथेतून शास्त्र काढून घेतले, तर मागे कथाच उरत नाही. विज्ञान सांगणाऱ्या गोष्टीची मला हीच कसोटी वाटते. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडते. ते का पडले हे उमगल्यावाचून कथा पुढे सरकत नाही. याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. शास्त्रज्ञाचे नाव पाठीशी नसताना तिला पहिले पारितोषिक मिळाले.

कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत लोककथांच्या अभ्यासक. एका घरातल्या दोघींपैकी एकीने गोष्टींचे मर्म शोधले, दुसरीने अन्नाचे. आपल्या सांगण्यात मात्र या दोन विद्यांची भेट फारशी होत नाही. शास्त्रज्ञाचे चरित्र रंगते आणि शास्त्र तळटिपेत जाते. मग ऐकणाऱ्याला आदर वाटतो, समज येत नाही.

दारापाशी ठाम उभी राहिलेली मुलगी आपल्या लक्षात राहिली, हे चांगलेच झाले. चुलीवर वाल रटरटत असताना तिचे कामही आठवावे, अशी गोष्ट मला ऐकायची आहे.