दऱ्याखोऱ्यांची कसोटी

साधारण दर दोन वर्षांनी डेबियन या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती येते आणि माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग सुरू होतो. काय काढायचं, ते ठरवावं लागतं. नवं काय घ्यावं हे कोणीही सांगतं. काढायचं मात्र आपलं आपण ठरवावं लागतं, आणि ज्याच्या हातातलं काढलं त्याच्यासमोर बसून त्याचं कारणही द्यावं लागतं.

मुरुड आणि आसपासच्या गावांतल्या शाळा, अभ्यासिका, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं यांच्याकडचे संगणक बहुतेक लातूरहून आणलेले, सेकंडहँड. दोन जीबी रॅम, कुठे चार. हार्डडिस्क जुनी, फिरती. त्यांच्यासाठी मी डेबियनमधून वेचून एक छोटा संच बांधते, पेन ड्राइव्हवर मावेल असा. त्यात काय असेल याची यादी म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक पॅकेज. या कामात माझी म्हणून जी काही कारागिरी आहे ती त्या फाइलमध्ये आहे, आणि ओळ वाढवण्यापेक्षा ओळ खोडण्यातच ती जास्त लागते.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला कोणीतरी सांभाळणारा असतो. त्याला जमेनासं झालं की तो तसं जाहीर करतो, पॅकेज अनाथ म्हणून यादीत जातं, आणि दुसरा कोणी पुढे आला तर त्याच्या नावावर होतं. नाही आला, आणि गंभीर दोष तसेच राहिले, तर पॅकेज आधी पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून गळतं आणि शेवटी भांडारातूनच काढलं जातं. हे सगळं उघड्यावर, कारणांसकट लिहिलेलं असतं. मला या पद्धतीबद्दल फार आदर आहे. एखादी गोष्ट सांभाळणं आता होत नाही हे चारचौघांत, वेळेवर सांगणं सोपं नसतं.

न सांगता थकलेल्या माणसाचं काय होतं ते मार्च २०२४ मध्ये जगानं पाहिलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणारी. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, लासे कॉलिन, मोबदल्याशिवाय सांभाळत होता. मदतीला म्हणून आलेल्या एका टोपणनावानं हळूहळू विश्वास मिळवला आणि तिच्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरला लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतोय असं जाणवलं आणि त्यानं खणून काढलं म्हणून वाचलो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचला नव्हता. तेव्हापासून मी एखादं पॅकेज किती छान चालतं हे नंतर बघते. आधी बघते की त्याच्यामागे कोण आहे, आणि तो माणूस एकटा आहे का.

पण नवी आवृत्ती आली नाही म्हणजे सॉफ्टवेअर मेलं, असंही नाही. माझ्या संचातला खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम ओपनबॉक्स आहे. त्याची शेवटची आवृत्ती, ३.६.१, २०१५ सालची. तो मी काढलेला नाही. तो नेटवर जात नाही, परक्यानं पाठवलेली फाइल उघडत नाही, त्याचं काम ठरलेलं आहे आणि ते तो करतो. याउलट पीडीएफ उघडणारा प्रोग्राम घ्या. शासन निर्णय, निकाल, कुठून कुठून व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइली, सगळं त्याच्या तोंडी पडतं. त्याच्यावर कोणाची नजर नसेल तर तो कितीही हलका असो, त्याला माझ्या यादीत जागा नाही. सांभाळणारा नाही एवढ्यावर मी ओळ खोडत नाही. बाहेरचं काय काय त्याच्या पोटात जातं, ते पाहून खोडते.

काही वेळा निर्णय आपल्या हातात उरत नाही. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे संपला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ते नव्हतं. त्याच्या आधारावर उभे असलेले आणि कोणी पायथन ३ वर न आणलेले सगळे लहानसहान प्रोग्राम एकदम गेले. जीटीके २ ही खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी. डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आली तेव्हा तिचा सांभाळ थांबला. तिच्यावरचं लीफपॅड हे लिहिण्याचं इवलंसं साधन आमच्याकडे सगळ्यांच्या बोटांत बसलेलं होतं. ते काढलं तेव्हा फॉर्म भरण्याच्या दुकानातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, ते पानाचं चित्र कशाला काढलाव? चांगलं चालत होतं की." त्यांचं म्हणणं खरं होतं, चालत होतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की ज्या पायावर ते उभं होतं त्याची आता कोणी डागडुजी करत नाही, आणि तुमच्या मशीनवर लोकांचे आधार नंबर असतात. लीफपॅडच्या जागी मी एक्सएफसीईचं माउसपॅड बसवलं. चित्र बदललं, बाकी फारसं काही नाही.

माउसपॅडपर्यंत येताना जी चाळणी लावली, तिच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. हलक्या सॉफ्टवेअरच्या शिफारशी जगभरातून मिळतात. त्यांत मोजमाप असतं ते मेमरीचं आणि सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचं. मी त्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा एकच वाक्य टाइप करते: 'किर्र रात्री दऱ्याखोऱ्यांतून उतरून विठ्ठलनं तऱ्हेतऱ्हेची कर्णफुलं आणली.' वाक्याला फारसा अर्थ नाही. पण त्यात क च्या आधी येणारी वेलांटी आहे, डोक्यावरचा रफार आहे, ठ्ठ आहे, आणि हिंदीला सहसा लागत नाही असा आपला अर्धा ऱ आहे. शिफारस झालेल्या हलक्या प्रोग्रामांपैकी बरेच इथेच पडतात. वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, पायमोडके हलन्त उघडे पडतात, रफार भलत्याच अक्षरावर लटकतो.

कारण साधं आहे. मराठी मजकूर साठवला जातो उच्चाराच्या क्रमानं आणि दिसायचा असतो वेगळ्याच क्रमानं, वेगळ्याच आकारांत. हे रूपांतर करायला काम लागतं. एसटीसारखा टर्मिनल, जुनं एक्सटर्म, डिलोसारखा चिमुकला ब्राउझर, यांच्या लेखकांनी हे काम अंगावर घेतलं नाही. त्यांच्या लिपीत अक्षरापुढे अक्षर ठेवलं की शब्द होतो. प्रोग्राम हलका राहिला, आणि वाचण्याचे कष्ट आमच्या सातवीतल्या मुलीच्या वाट्याला आले. असा हलकेपणा मी माझ्या यादीत धरत नाही. जिथे मराठी नीट उमटते तिथून माझी तुलना सुरू होते, मेगाबाइट त्यानंतर.

आणि हे काम नीट केलं तर ते जड पडतच नाही. पूर्वी पडद्यावर मजकूर मांडणाऱ्या पँगो या लायब्ररीकडे भारतीय लिप्यांसाठी आपला वेगळा कोड होता, क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीकडे आपला, लिब्रेऑफिसमध्ये आणखी तिसराच मार्ग. एकच शब्द तीन खिडक्यांत तीन तऱ्हांनी दिसायचा. बेहदाद इस्फहबोद यांनी हार्फबझ ही लायब्ररी नव्यानं उभी केली आणि २०१२ च्या सुमारास पँगोनं आपला कोड काढून टाकून तिच्यावर भिस्त ठेवली. पुढे बाकीचेही तिच्यावर आले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळीकडे तीच मराठीला आकार देते. ज्या हलक्या प्रोग्रामनं तिची मदत घेतली, त्याला लिपीचं काही वेगळं वाहावंच लागत नाही. काढून टाकणं म्हणून जे काही मी आजवर पाहिलं, त्यात हे मला सर्वांत उत्तम वाटतं.

हे समजावताना मला नेहमी बार्शी लाईट आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ही अडीच फुटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. त्याची युक्ती अशी की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग इंजिन असो की वाघीण. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला गेला, आणि म्हणून बारीक रुळांवरून भरपूर माल गेला. माल कमी करून ती गाडी हलकी झाली नव्हती. २००७-०८ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला आणि अरुंद रूळ गेले. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्या गाडीची आठवण काढताना ऐकलं की मला वाईट वाटतं. तरी मुंबईला इथून थेट जाता येतं, ते रूळ बदलले म्हणून.

टायपिंगच्या बाबतीत असा बदल आम्ही आधीच एकदा पचवला होता. पूर्वी मराठी लिहायला स्किम असायचं. २००९ च्या फेडोरा ११ पासून त्याची जागा आयबसनं घेतली आणि बाकीच्या लिनक्सांतही तेच रुळलं. इन्स्क्रिप्ट आणि रोमन उच्चारावरून टाइप करण्याचे नकाशे एम१७एन या जपानमध्ये घडलेल्या संग्रहातून येतात. ते बदलावे लागले नाहीत, म्हणून लोकांच्या बोटांना फरक कळलाच नाही. आत काहीही बदला, बोटांची सवय शक्यतो मोडू नका, हे मी तिथून घेतलं.

फॉन्टांत मी लोहित ठेवते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेला, रेडहॅटनं २००४ मध्ये मुक्त केलेला. मराठी वळणाचे ल आणि श त्यात मिळतात, आणि जगातल्या सगळ्या लिप्यांचं गाठोडं सोबत येत नाही. पीडीएफसाठी मात्र चाळणी सैल करता येते, कारण तिथे अक्षरांना आकार आधीच दिलेला असतो. झथुरासारखा लहान वाचक मराठी शासन निर्णय व्यवस्थित दाखवतो. शोधताना अडतं, पण तो दोष बहुतेक वेळा फाइलचाच असतो.

ब्राउझरला हलका पर्याय नाही. खूप शोधला. डिलोनं जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये नव्या सांभाळणाऱ्याच्या हाती पुन्हा आवृत्ती काढली याचा मला मनापासून आनंद झाला. पण तो जावास्क्रिप्ट चालवत नाही, आणि शिष्यवृत्तीचा वा पीकविम्याचा फॉर्म त्यावर भरता येत नाही. म्हणून फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती ठेवते, मेमरी दाबून वापरणारं झेडरॅम चालू करते आणि बाकीच्या सगळ्या ठिकाणी काटकसर करून जागा ब्राउझरला देते. बाकी यादी एवढी कठोरपणे छाटायचं खरं कारण हेच.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, त्यात ३२ बिटच्या मशीनवर बसवण्याची सोयच उरलेली नाही. फायरफॉक्सनंही त्याच वर्षी ३२ बिट लिनक्स सोडत असल्याचं सांगितलं. आमच्याकडे अशी थोडी मशीन आहेत. ती डेबियन १२ वर, नेटची वायर काढून, फक्त टायपिंगच्या सरावाला ठेवायची असं शाळेशी बोलून ठरवलं आहे. त्यांच्यावर कोणाचा फॉर्म भरला जाणार नाही.

सध्या अडलं आहे ते टर्मिनलपाशी. मुलांना पायथन शिकवायचं, तर पहिली ओळ स्वतःचं नाव छापण्याची. आयडल आणि थॉनी ही पायथन लिहिण्याची साधनं, दोन्ही टीके या लायब्ररीवर उभी आहेत, आणि ती लिनक्सवर मराठीला आकार देत नाही. 'कीर्ती' तिथे विस्कटून येते. जीनीच्या संपादकात नाव नीट दिसतं, पण खालच्या टर्मिनलमध्ये पुन्हा तेच. कॉन्सोल बऱ्यापैकी करतो, पण केडीईच्या लायब्रऱ्यांची रांग मागे घेऊन येतो. एमएलटर्म लहान आहे, भारतीय लिप्या त्याला कळतात. मात्र त्याच्या सेटिंगशी अजून झगडते आहे. तो दोन जीबीच्या मशीनवर दऱ्याखोऱ्यांचं वाक्य नीट दाखवायला लागला की यादीत त्याची ओळ घालीन आणि आयडलची खोडीन.