कोरी पानं कशाला उतरवायची?

आमच्या अंबाजोगाईच्या शाळेत दहा रास्पबेरी पाय आहेत, प्रत्येकाचं मेमरी कार्ड 16 जीबीचं. एक कार्ड तयार करायचं आणि त्याची इमेज 'डीडी' कमांडने बाकीच्या कार्डांवर उतरवायची, हा माझा शिरस्ता. सेकंदाला 10 एमबी धरले तरी एका कार्डाला जवळपास 27 मिनिटं! त्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. तास संपायचा, पोरं नुसती बसून.

एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मैत्रिणीची वही उतरवताना आपण कोरी पानं थोडीच उतरवतो?"

मी गप्पच झालो. कार्डात खरा मजकूर होता जेमतेम 3 जीबी.

मग 'बीमॅपटूल' सापडलं. इमेजमधले भरलेले भाग कोणते याची ते यादी करतं आणि तेवढेच कार्डावर लिहितं. पण कार्डावरून काढलेल्या इमेजमध्ये रिकामी जागाही शून्यं म्हणून लिहिलेली येते. यादी करण्याआधी 'फॅलोकेट' कमांडने त्या शून्यांच्या जागी पोकळी करून घ्यावी लागते. हे कळायलाच माझे दोन दिवस गेले, खोटं कशाला सांगू.

आता एक कार्ड पाचेक मिनिटांत होतं. पहिलं कार्ड त्या मुलीच्याच हातून लिहून घेतलं.